अर्ध्या सेकंदाची शंका

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस एक गोष्ट नव्यानें सांगावयास नको. प्रत्येक मोठ्या घरांत असें एखादें माणूस असतेंच, कीं ज्याच्या हातून दिवसभर होणारें काम कोणाच्याच नजरेंत भरत नाहीं. दूध उतूं जात नाहीं, गॅसचा नंबर वेळेवर लावलेला असतो, आजोबांचीं औषधें संपण्यापूर्वीं नवीं आलेलीं असतात, पाहुण्यांच्या गाद्यांना ऊन दाखविलेलें असतें. आणि हें सारें आपोआप घडतें असा बाकीच्या मंडळींचा अगदीं प्रामाणिक समज असतो. तें माणूस चार दिवस अंथरुणाला खिळलें, म्हणजे मग घर जागें होतें. बँका, रुग्णालयें, सरकारी कचेऱ्या आणि आपल्या खिशांतले मोबाईल ज्या संगणकांच्या जोरावर चालतात, त्यांच्या पोटांतही अशींच कांहीं माणसें मुकाट्यानें राबत आहेत. त्यांपैकीं एकाच्या थकव्याचा फायदा घेऊन जगांतील असंख्य संगणकांच्या दारांची चोरकिल्ली तयार करण्याचा डाव २०२४ सालच्या मार्च महिन्यांत उघडकीस आला. त्या डावाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम थोडी प्रस्तावना अवश्य आहे. संगणकास काय करावयाचें हें सांगणाऱ्या लेखनास कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या आपला कोड तिजोरींत ठेवतात. गिऱ्हाइकाच्या हातीं पडतो तो तयार मसाल्याचा पुडा, मसाल्याची कृति नव्हे. याच्या उलट दुसरी एक रीत आहे. कृति लिहून चव्हाट्यावर ठेवावयाची. ज्याला हवी त्यानें ती वाचावी, आपल्या घरीं तसा मसाला करावा, धने कमी वाटले तर वाढवावे, आणि सुधारलेली कृति पुन्हां चव्हाट्यावर आणून ठेवावी. १९८३ सालीं अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं या रीतीचा पुकारा केला. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा पाया घातला, आणि १९९८ सालीं या सगळ्या पद्धतीस ‘ओपन सोर्स’ हें आज रूढ झालेलें नांव मिळालें. आपण तिला मुक्त-स्रोत म्हणूं.

हें प्रकरण परदेशांतलें आहे, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल तर त्यानें आपला मोबाईल हातांत घेऊन पाहावा. अँड्रॉइडचा प्रत्येक मोबाईल लिनक्सवर चालतो. त्याच्या पडद्यावर मराठी मजकूर उमटतांना ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘ष्ट्र’ यांसारखीं जोडाक्षरें नीट जुळवून देण्याचें काम हार्फबझ नांवाचा मुक्त-स्रोत कोडच करीत असतो. तो नसता तर आपल्या भाषेचीं अक्षरें सुटीं सुटीं होऊन पंक्तीवरून उठलेल्या मंडळींसारखीं इतस्ततः पांगलीं असतीं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनीं घडविलेले देवनागरी टंक याच रीतीनें कोणासही विनामूल्य वापरतां येतात. सारांश, आपण रोज या चव्हाट्यावरचें जेवतों. फक्त वाढणारा कोण हें विचारीत नाहीं.

फिनलंडमधील लासे कॉलिन हे असेच एक वाढपी. त्यांनीं एक्सझेड यूटिल्स नांवाचें एक छोटेंसें साधन लिहून सांभाळलें. त्याचें काम इतकेंच, कीं मोठी फाईल आवळून लहान करावयाची आणि हवी तेव्हां पुन्हां जशीच्या तशी उलगडावयाची. जाड रजई पट्ट्यांनीं आवळून ट्रंकेंत बसवावी, तसें. यांत डोळे दिपविण्यासारखें कांहीं नाहीं. पण हें काम इतकें चोख होतें, कीं २००९ पासून पुढें लिनक्सच्या जवळजवळ सर्व आवृत्त्यांनीं तें आपल्या घरांत घेतलें. जगांतील लक्षावधि सर्व्हर त्यावर विसंबून राहूं लागले. कॉलिन यांना त्याबद्दल पगार नव्हता, हाताखालीं माणसें नव्हतीं. फावल्या वेळांतला छंद म्हणून ते एकटेच हा संसार हांकीत होते.

२०२१ च्या ऑक्टोबरांत या कामांत जिआ टॅन असें नांव सांगणारा एक नवा मदतनीस आला. त्यानें एक बारीकशी दुरुस्ती पाठविली, मग दुसरी, मग तिसरी. काम नीटनेटकें, भाषा नम्र, उत्साह दांडगा. वर्षानुवर्षें एकट्यानें चूल सांभाळलेल्या माणसाला असा हाताशीं येणारा कोणी भेटला म्हणजे काय वाटत असेल, हें आपल्याकडील गृहिणींस विचारावें.

त्यानंतर २०२२ च्या एप्रिलपासून कॉलिन यांना निराळींच पत्रें येऊं लागलीं. जिगर कुमार आणि डेनिस एन्स अशा नांवांच्या दोन गृहस्थांनीं सर्वांसमक्ष तक्रारी मांडण्यास आरंभ केला. नव्या दुरुस्त्या वर्षानुवर्षें पडून राहतात, चालकाला कामांत गोडी उरलेली नाहीं, दुसरा चालक आल्याशिवाय येथें कांहीं हलणार नाहीं, असा त्यांचा सूर. कॉलिन यांनीं जूनमध्यें सरळपणें उत्तर दिलें, कीं गोडी उरली नाहीं असें नव्हे. पण मनाची प्रकृति बराच काळ ठीक नसल्यामुळें हातून काम कमी होतें, आणि हा बिनपगारी छंद आहे हेंही ध्यानांत असावें. जिआ टॅनची मदत होत आहे, पुढें त्यांच्याकडे अधिक भार सोंपवितां येईल, असेंही त्यांनीं सुचविलें. यावर एन्स महाशयांचें प्रत्युत्तर असें, कीं आपल्या आजाराबद्दल वाईट वाटतें, परंतु माणसानें आपली मर्यादा ओळखावी. लोकांची अपेक्षा याहून मोठी आहे.

हे दोन्ही पत्रलेखक बनावट असावेत असें तज्ज्ञांचें आज जवळजवळ एकमत आहे. या नांवांचा दुसरीकडे मागमूस लागत नाहीं, आणि त्यांचें काम साधतांच ते दिसेनासे झाले. जिगर कुमार हें नांव आपल्याकडचें वाटतें. त्यामागें आपल्याकडचा माणूस आहे असें समजण्यास मात्र काडीचाही आधार नाहीं. आमच्या मतें सबंध प्रकरणांतील अत्यंत दुष्ट भाग पुढें सांगावयाच्या यंत्रविद्येंत नसून या पत्रांत आहे. कुलूप फोडणारा चोर एक वेळ समजूं शकतो. पण आजारी माणसाच्या उशाशीं बसून त्याला ‘तुमच्यानें आतां होत नाहीं हो, किल्ल्या त्या नव्या मुलाकडे द्या’ असें आळीपाळीनें ऐकविणारी माणसें चोराच्याही पंक्तीला बसविण्याच्या लायकीचीं नाहींत.

किल्ल्या दिल्या गेल्या. २०२३ च्या मार्चपासून नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचें काम जिआ टॅनच्या हातीं गेलें. तो धीर धरून होता. वर्षभर त्यानें चांगलेंच काम केलें. २०२४ च्या २३ फेब्रुवारीस त्यानें कोडाच्या भांडारांत दोन नव्या फाईली ठेवल्या. फाईली आवळणाऱ्या साधनाची परीक्षा घेण्यासाठीं मुद्दाम बिघडविलेल्या फाईलींचे नमुने जवळ ठेवावेच लागतात. वैद्यकीय विद्यालयांत रोगट अवयवांच्या बरण्या असतात, तशांतलाच हा प्रकार. अशी बरणी उघडून वाचावयास कोणी जात नाहीं, आणि वाचूं म्हटलें तरी तींत माणसाला कळणारीं अक्षरें नसतात. या दोन बरण्यांत विष भरलेलें होतें. दुसऱ्याच दिवशीं ५.६.० ही आवृत्ति निघाली, आणि ९ मार्चला ५.६.१.

आतां विष तेथून दारापर्यंत कसें पोहोचलें तें पाहूं. दूरच्या सर्व्हरवर बसल्या जागेवरून प्रवेश करण्याचें जें दार असतें, त्याचें नांव ओपनएसएसएच. हें दार जगांतील अत्यंत काळजीपूर्वक घडविलेल्या मुक्त-स्रोत वस्तूंपैकीं एक आहे, आणि त्याचा एक्सझेडशीं स्वतः कांहीं संबंध नाहीं. परंतु डेबियन, फेडोरा इत्यादि लिनक्सच्या कांहीं आवृत्त्यांनीं दाराला एक छोटासा निरोप्या जोडला होता: दार उघडून तयार झालें, कीं घराच्या व्यवस्थापकाला त्यानें वर्दी द्यावी. त्या व्यवस्थापकाचें नांव सिस्टमडी. त्याच्या सामानांत फाईली आवळण्यासाठीं एक्सझेडचा एक भाग होता. म्हणजे विहिणीबरोबर तिची नणंद आली, आणि नणंदेबरोबर तिच्या दिरांचा कोणी स्नेही आला. ओळख कोणाचीच कोणाशीं नाहीं, पण बसले सगळे एकाच माजघरांत. एकदां माजघरांत शिरल्यावर त्या स्नेह्यानें काय केलें? येणाऱ्याची सही तपासणारा जो कारकून दारांत बसतो, त्याच्या जागीं आपला माणूस बसविला. बाकी सर्वांसाठीं दार पूर्वींसारखेंच चाले. मात्र एक विशिष्ट गुप्त किल्ली घेऊन जो येईल, त्याला कोणत्याही परवलीवांचून आंत घेऊन त्याची वाटेल ती आज्ञा बिनतक्रार पाळावयाची, अशी योजना होती. ती किल्ली एकाच्याच खिशांत. दुसऱ्या चोरांना देखील या चोरवाटेचा उपयोग नव्हता.

यांत आणखी एक मेख आहे, ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बरण्या सर्वांसमोर मांडलेल्या होत्या. पण बरणी फोडून विष मिसळण्याची जी सूचना, ती चव्हाट्यावरच्या कोडांत नव्हतीच. आवृत्ति प्रसिद्ध करतांना जें तयार पुडकें बांधतात, त्या पुडक्यांतच ती घातलेली होती. पुडकें आणि उघडी वही यांत कांहीं फरक आहे काय, हें पडताळून पाहण्याची तसदी कोणी घेत नसे. चव्हाट्यावरची वही सर्वांना दिसते या विश्वासावर सारें जग पुडकें उघडत होतें.

येथें प्रवेश होतो आंद्रेस फ्रॉइंड यांचा. हे मूळचे जर्मन, वास्तव्य सॅन फ्रान्सिस्को येथें, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्यें; आणि काम पोस्टग्रेस नांवाच्या मुक्त-स्रोत डेटाबेसवर. चोर पकडणें हा त्यांचा व्यवसाय नव्हे. २०२४ च्या मार्च महिन्यांत ते पोस्टग्रेसच्या वेगाचीं अगदीं सूक्ष्म मापें घेत होते. अशीं मापें घेतांना संगणकावर दुसरी कसलीही गडबड चालणार नाहीं. तबल्याचा सूर लावतांना शेजारच्या खोलींत भांडीं पडूं नयेत, तसें. परंतु त्यांना दिसलें, कीं प्रवेशाचें तें दार नको इतकी शक्ति खात आहे. दारावर टकटक करून परत जाणारे भुरटे इंटरनेटवर नेहमींच असतात. त्यांना नाहीं म्हणण्यास इतके श्रम कां पडावेत? त्यांनीं वेळ मोजली. पूर्वीं प्रवेशास सुमारें तीन दशांश सेकंद लागत. आतां आठ दशांश लागत होते. म्हणजे अर्धा सेकंद अधिक.

अर्धा सेकंद! आपणांपैकीं कोणी ‘आज इंटरनेट जरा मंद आहे’ एवढेंही म्हणालें नसतें. पण फ्रॉइंड यांना आठवलें, कीं कांहीं आठवड्यांपूर्वीं दुसऱ्याच एका तपासणींत याच भागाविषयीं कांहीं विचित्र इशारे आले होते, आणि ते आपण बाजूला ठेवले होते. दोन टोकें जुळलीं. त्यांनीं धागा धरला आणि एकेक वेढा उलगडीत ते एक्सझेडपर्यंत येऊन पोहोचले. प्रथम त्यांना वाटलें, डेबियनच्या भांडारांत कोणी गडबड केली असावी. मग ध्यानांत आलें, कीं उगमापाशींच पाणी नासलें आहे. संबंधित मंडळींस आधीं खाजगी रीतीनें सावध करून २९ मार्च २०२४ रोजीं त्यांनीं सर्व हकीकत जाहीर केली. त्या दिवशीं गुड फ्रायडे होता; युरोप-अमेरिकेंतील कित्येक संगणकतज्ज्ञांची ती सुटी सर्व्हर तपासण्यांत गेली. या दोषास गांभीर्याचे दहापैकीं दहा गुण देण्यांत आले. परीक्षेंत पैकींच्या पैकीं गुण मिळूनही कोणाला आनंद होऊं नये, असा हा एक प्रसंग!

किती थोडक्यांत निभावलें याची कल्पना यावी म्हणून एवढें सांगतों. विषारी आवृत्ति तोंवर फेडोरा, डेबियन, ओपनसुसे यांच्या केवळ प्रायोगिक शाखांत पोहोचली होती. बँका आणि कचेऱ्या ज्या स्थिर आवृत्त्या वापरतात, त्यांत ती शिरावयाची होती. नवी आवृत्ति लवकर घ्या म्हणून जिआ टॅन फेडोराच्या मंडळींकडे कित्येक आठवडे लकडा लावून होता, आणि भेद उघड होण्याच्या आदल्या दिवशीं, २८ मार्चला, त्यानें उबुंटूकडेही तशी मागणी नोंदविली. उबुंटूची पुढील अनेक वर्षें वापरांत राहावयाची मोठी आवृत्ति एप्रिलांत निघावयाची होती. तिची चांचणी-आवृत्ति एक आठवडा लांबविण्यांत आली आणि सर्व सामान नव्यानें बांधण्यांत आलें. जिआ टॅन त्यानंतर पुन्हां कोणास दिसला नाहीं. तो एक माणूस कीं अनेक, कोणत्या सरकारचा कीं कोणाचाच नव्हे, यांतलें कांहींही सिद्ध झालेलें नाहीं. अडीच वर्षें धीर धरून, चांगलें काम करून दाखवून, इतका खर्च सोसणारा कोणी साधा भुरटा नव्हे, एवढेंच म्हणतां येतें.

या घटनेनंतर दोन पक्ष पडले. एक म्हणे, पाहा, दार उघडें टाकल्यानें चोर शिरला. दुसरा म्हणे, दार उघडें होतें म्हणूनच चोर सांपडला. तिजोरींतल्या कोडांत फ्रॉइंड यांना धागा धरून उगमापर्यंत जातां आलें असतें काय? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें आम्हांस अधिक ग्राह्य वाटतें. पण त्यावर संतुष्ट होऊन बसणेंही बरें नव्हे. विषारी बरण्या चव्हाट्यावर पांच आठवडे मांडलेल्या होत्या, आणि हजारों डोळ्यांपैकीं एकाही डोळ्यास त्या खुपल्या नाहींत. अखेर सांपडलें तें कोड वाचणाऱ्याला नव्हे, तर वेळ मोजणाऱ्याला. सुंठीवांचून खोकला गेला, इतकेंच. आणि चोर खरोखर कोठून शिरला? कोडांतून नव्हे. तो शिरला एका थकलेल्या माणसाच्या एकाकीपणांतून. त्या दाराला कुलूप बसविणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

मग हा एकाकीपणा कशामुळें येतो? उत्तर पैशाच्या गोष्टीवर येऊन ठेपतें, आणि ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हार्वर्डच्या व्यापार-विद्यालयांतील अभ्यासकांनीं २०२४ च्या जानेवारींत एक हिशेब मांडला. जगांत सर्वाधिक वापरला जाणारा मुक्त-स्रोत कोड एकदांच पुन्हां लिहावयाचा झाला, तर सुमारें ४१५ कोटी डॉलर लागतील. पण तो मुळीं नसताच आणि प्रत्येक कंपनीला तो आपापल्या घरीं लिहून घ्यावा लागता, तर खर्च सुमारें ८.८ लाख कोटी डॉलर झाला असता. आणि या मूल्यापैकीं शेंकडा ९६ हिस्सा निर्माण करणारे लोक एकंदर लेखकांच्या शेंकडा पांचच आहेत. म्हणजे पंक्ति हजाराची आणि स्वयंपाकघरांत दोघेजण. फुकट तें पौष्टिक असें आपल्याकडे थट्टेनें म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांनीं तें धोरण म्हणून स्वीकारलेलें दिसतें. २०१४ च्या एप्रिलांत हार्टब्लीड नांवाचा दोष सांपडला, तेव्हां ज्या ओपनएसएसएलच्या आधारानें जगांतील बँकांचे व्यवहार गुप्त राहत, त्यावर पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता आणि त्या संस्थेस वर्षाकाठीं सुमारें २००० डॉलर देणगी मिळत होती, असें उघड झालें. तेव्हां हळहळ झाली, निधि निघाला. पण ताकापुरती आजीबाई! दहा वर्षांनीं कॉलिन यांच्या दारीं तोच प्रसंग आला.

कांहीं लोकांनीं निराळा मार्ग धरून पाहिला. रेडिस नांवाच्या प्रसिद्ध डेटाबेसच्या कंपनीनें २०२४ च्या मार्चमध्येंच, आपल्या कोडावर दुसरे श्रीमंत होतात या रागानें, परवान्याच्या अटी बदलून चव्हाटा सोडला. आठवडाभरांत जुन्या कृतीवरून दुसऱ्यांनीं वाल्की नांवाची वेगळी चूल मांडली; आणि २०२५ च्या मे महिन्यांत रेडिसनें पुन्हां एक मुक्त-स्रोत परवाना देऊं केला. वाटणी झाल्यावर पुन्हां येऊन-जाऊन राहण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. गेलेलीं माणसें सगळीं परत येत नाहींत, हेंही.

सरकारांपैकीं जर्मनीनें २०२२ सालीं सार्वजनिक पैशांतून अशा पायाभूत कोडासाठीं निधि सुरू केला, हें आम्हांस विशेष वाटतें. रस्ते आणि पूल यांच्या डागडुजीचा पैसा सरकारनें द्यावा, तर हा पूलच आहे. युरोपीय संघाचा सायबर-सुरक्षेचा नवा कायदा १० डिसेंबर २०२४ रोजीं अंमलांत आला असून त्याचीं मुख्य बंधनें ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचीं आहेत. विकणाऱ्या कंपनीनें आपल्या मालांतील सर्व कोडाची जबाबदारी घ्यावी, छंद म्हणून लिहिणाऱ्या एकट्या माणसाच्या माथीं ती मारूं नये, अशी त्यांत तजवीज आहे. आपल्या देशांतही याची जाणीव आहे. बंगळूरच्या झिरोधा कंपनीनें २०२४ च्या ऑक्टोबरांत जगांतील कोणत्याही मुक्त-स्रोत कामासाठीं दरवर्षीं दहा लक्ष डॉलर देण्याची योजना जाहीर केली. आणि मुंबईची फ्रापे ही कंपनी तर हिशेब व कारभाराचें आपलें ईआरपीनेक्स्ट हें साधन चव्हाट्यावर ठेवूनच व्यवसाय चालवून दाखवीत आहे. ही गोष्ट मराठी माणसानें लक्षांत घेण्याजोगी आहे, कारण फुकट द्यावें तर पोट कसें भरावें हा आपला नेहमींचा प्रश्न असतो.

पैसा आला म्हणजे सारे भार हलके होतात असें मात्र नाहीं. कर्ल नांवाचें एक साधन १९९८ पासून स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग सांभाळीत आहेत. मोबाईलपासून मोटारींपर्यंत तें सर्वत्र आहे. त्यांत दोष दाखवील त्यास बक्षीस, अशी त्यांची योजना होती. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें आल्यावर काय झालें, तर ज्यांना कोडांतलें ओ कीं ठो कळत नाहीं अशीं माणसें यंत्राकडून लांबलचक, आर्जवी, सफाईदार पत्रें लिहवून घेऊन पाठवूं लागलीं. दोष काल्पनिक, पण खोटा आहे हें ठरवण्यास खऱ्या माणसाचे तास खर्च व्हावयाचे. २०२४ च्या आरंभापासून स्टेनबर्ग याविषयीं जाहीरपणें लिहीत होते. अखेर २०२६ च्या जानेवारींत त्यांनीं बक्षिसाची योजनाच बंद केली. खोटें पत्र लिहिण्यास आतां श्रम उरले नाहींत, वाचण्याचे श्रम तेवढे राहिले.

आणि पत्रांचा हा मार्ग चोरांनींही सोडलेला नाहीं. ८ सप्टेंबर २०२५ रोजीं एका चालकास, आपल्या खात्याची सुरक्षा तातडीनें नवी करावी, अशा मजकुराचें हुबेहूब सरकारी थाटाचें पत्र आलें, आणि त्यानें विश्वासानें सांगितलें तसें केलें. त्याच्या हातीं जीं छोटीं छोटीं साधनें होतीं, तीं आठवड्याला दोनशें कोटींहून अधिक वेळां जगभर उतरवून घेतलीं जातात. त्यांत कांहीं तास चोरीचा कोड वावरला. सुदैवानें लोकांनीं तें लौकर ओळखलें आणि चोरट्यांच्या पदरीं नगण्य रक्कम पडली. आपल्या घरीं वडील मंडळींना बँकेच्या नांवानें जे फोन येतात, त्याच जातीचा हा प्रकार. फरक इतकाच, कीं येथें एका माणसाची फसगत झाली तर त्याच्या एकट्याच्या खात्यावर भागत नाहीं.

लासे कॉलिन यांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. भेद फुटला तेव्हां ते कामापासून विश्रांति घेऊन दूर होते. गिटहबनें एक्सझेडचें सबंध भांडार बंद केलें आणि चोराच्या खात्याबरोबर त्यांचेंही खातें कांहीं दिवस गोठविलें. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं आपल्या स्वतःच्या पानावर चार ओळींचें निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांत कोणावर आरोप नाहीं कीं स्वतःचें रडगाणें नाहीं. खातें परत मिळाल्यावर ते जुने फेरफार पुन्हां तपासीत बसले. विषारी बरण्या काढून टाकल्या, चोरवाटेस मदत करणारे बारीकसारीक बदलही पुसले. २९ मे २०२४ रोजीं ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ति निघाली. २०२५ च्या मार्चमध्यें ५.८.० आली, आणि आपल्या घरांतील कोणत्या तरी यंत्रांत ती या क्षणीं एखादी फाईल आवळीत किंवा उलगडीत असेल.